ओढा मोजणारे निसळ सर

निसळ सरांनी एक अख्खं गाव वाचवलं, असं त्यांच्या शोकसभेत सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ सरांना दोनदाच भेटले होते, दोन्ही वेळा व्यासपीठावर. शोकसभेत हरकत घेण्याची पद्धत नाही, म्हणून मी गप्प बसलो. पण त्या गावाला मी सरांबरोबर होतो. महिनाभर थांबलो, की दुसरं कुणी काही बोलेल... कुणी बोललं नाही.

भिंगारच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे, मी इतिहास. शास्त्र फळ्यावर शिकवणं म्हणजे जेवणाचं वर्णन करून पोट भरणं, असं ते म्हणत आणि सुट्टी लागली की पोरं घेऊन डोंगराकडे निघत. मला या सहलींचा पहिल्यापासून संशय होता. स्वखुशीने उन्हात दगड गोळा करणारा माणूस एक तर थोर असतो, नाही तर त्याला घरी करमत नसतं. आणि मला थोर माणसं फारशी भेटलेली नव्हती. मुख्याध्यापकांचा संशय व्यवहारी होता. एखाद्या पोराला साप चावला तर निस्तरायचं कुणी? म्हणून बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मला 'सोबत' म्हणून धाडलं. ही सोबत कसली ते सरांना लगेच कळलं. त्यांनी पाण्याची कळशी माझ्या खांद्यावर दिली आणि पुढे चालू लागले.

सरांची एक रीत होती. ते उत्तर देत नसत. हा कुठला पक्षी, असं पोरानं विचारलं की म्हणायचे, "तुला काय वाटतं?" आपण वाट चुकलो का, असं मी विचारलं, तेव्हाही तेच म्हणाले.

राहुरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला एक गाव आहे. तिथल्या कोरड्या ओढ्याची रुंदी पोरांकडून मोजून घ्यायची असं ठरलं होतं. लांबून दिसावेत म्हणून सरांनी बांबूंना तांबडे-पांढरे पट्टे मारून आणले होते. मोजणी खात्याचे बांबू असेच असतात, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. गावाच्या मात्र आलं. पोरं बांबू रोवताहेत तोवर बांधावर माणसं जमली. पुढे एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी विचारलं, "कोनी धाडलं तुमाला?"

सर सवयीनं म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

पुढचा तासभर आम्ही मारुतीच्या देवळात होतो. पोरांना आत बसवून भाकरी-ठेचा दिला गेला. आम्हा दोघांना ओट्यावर बसवून चौकशी. गावाचं म्हणणं एकच, की आम्ही सरकारचे मोजणीवाले आणि पोरं नुसती दाखवायला आणलेली. तात्यांची जमीन मुळा धरणात गेली होती. "तवा बी असलेच बांबू आले हुते, मास्तर. तवा बी मानसं ग्वाड बोलत हुती. हितं दगड उपसून वावर केलं म्या. आता परत न्हाई उठायचो."

आम्ही शाळेचे आहोत, हे सरांनी आणि मी आळीपाळीनं सांगितलं. ते कुणाला पटत नव्हतं. शेवटी तात्यांनी विचारलं, की वढा मोजून फायदा काय?

सरांनी आत भाकरी खाणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "काही नाही. पोरांना मोजता येईल, एवढंच."

तात्या मागं वळून म्हणाले, "सोडा रं ह्यांना. सरकारी मानूस असता तर आतापतुर धा फायदे सांगून झाले असते."

निघताना त्यांनी एक अट घातली. खरे मोजणीवाले आले तर मास्तरांनी यायचं आणि काय चाललंय ते सरळ सांगायचं. "तवा तुमचं ते 'काय वाटतं' चालायचं न्हाई." सरांनी मान डोलावली. परत आल्यावर मी मुख्याध्यापकांना एवढंच सांगितलं, की साप कुणालाही चावला नाही.

उन्हाळ्यात तात्या एसटीनं भिंगारला आले आणि वर्गाबाहेर बसून राहिले. गावाजवळ दुष्काळी कामाचा रस्ता निघाला होता, खुंट्या ठोकून झाल्या होत्या. तात्यांनी वावरात विहिरीची जागा धरली होती, नारळही फोडला होता. रस्ता तिथूनच जातो का, असं कामावरच्या ओव्हरशियरला विचारलं की तो चहा पिऊन 'बघू' म्हणायचा. आम्ही दोघं गेलो. सर खुंट्यांच्या ओळीनं चालत गेले, मग एका खुंटीमागे बसून एक डोळा मिटून दूरवर पाहत राहिले. तात्या त्यांच्या मागे उभे.

"बोला की, मास्तर."

मला वाटलं, आता विचारतात प्रश्न. सर उठले. "तात्या, रस्ता विहिरीच्या जागेवरूनच जातोय. इथं खोदू नका."

"हलवता यील का?"

"मला नाही यायचा."

तात्या तिथंच ढेकळांत बसले. सरही शेजारी बसले. तात्या एक ढेकूळ हातात चुरत म्हणाले, "बरं केलं. निदान बोलला तरी."

रस्ता खुंट्यांप्रमाणेच गेला. वावराचा पट्टा गेला तो गेलाच. फुकटची खोदाई तेवढी टळली. गाव वाचलं ते एवढंच. तात्यांनी विहीर वरच्या बाजूला धरली. ती अर्धी झाली असताना सरांनी शिडी लावून पोरं आत उतरवली. वर माती, खाली मुरूम, मग पाषाण. सर भिंतीवर हात ठेवून उभे होते, आणि ते आनंदात आहेत यात मला पहिल्यांदाच संशय घ्यायला जागा सापडली नाही. तात्या काठावर बसून कुणी दगड खिशात घालत नाही ना, ते पाहत होते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत सर गेले. शोकसभेनंतर मी त्या गावाला जाऊन आलो. तात्यांना बातमी कळलेली होती. ते मला विहिरीवर घेऊन गेले. पोरांसाठी लावलेली लाकडी शिडी तशीच होती. "दुसरा कोनी मास्तर आनील पोरं," ते म्हणाले, "म्हून काढली न्हाई." खालच्या पायऱ्या पाण्यात कुजतील, असं मी म्हणालो. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. विहिरीला पाणी लागलेलं नाही.