माझ्या नावावर शिजलेली बरबटी

जिजी गेल्याचा फोन सकाळी सातला आला, आणि त्याच आठवड्यात मुक्ता, तुझ्या स्लो कुकरचा फोटो आला. फोटोत काचेच्या झाकणाखाली लालसर, दाट बीन्स होत्या आणि खाली तू लिहिलं होतंस, "आजी, तुझ्याच पद्धतीनं. आठ तास ठेवल्या. तुझ्यासारख्या का लागत नाहीत?" मी तुला तेव्हा उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, आजी दुःखात आहे. दुःखात होतेच, पण त्याहून जास्त थकले होते. काही उत्तरं द्यायला बसून लिहावं लागतं आणि बसून लिहायला जोर लागतो. आता सहा आठवडे झाले. आज टेबल पुसून, चष्मा लावून बसले आहे. तू आणि तुझा भाऊ ईशान, दोघांनीही वाचा.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तुम्ही त्यांना दोनदाच भेटलात, तेही लहानपणी. पिंपळगाव राजाला आमचं सासर; भाजीपाल्याचा मळा, थोडी कपाशी, तूर. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मीही नुकतीच त्या घरात आले होते. अमरावतीला इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, हातात घड्याळ, पेटीत आठ पुस्तकं. गावात मुलींची शाळा निघाली होती आणि तिथे इंग्रजी शिकवणारं कोणी मिळत नव्हतं. शाळेच्या समितीचे दोन सभासद घरी येऊन मामंजींना भेटले.  उत्तर दिलं ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी.

"शाळेत जायचं तं जा. पन दुपारची भाजी तुह्या हातची पाहिजे. भाकरी थोरली करीन, भाजी तुही. अन् चुलीवरून उतरलेली पाहिजे, सकाळी करून ठेवलेली नाही. ज्या दिवशी ताटात भाजी नसन, त्या दिवशी शाळा बंद."

यातली अडचण तुमच्या लक्षात येईल. मला दहाला निघावं लागे आणि मामंजी बाराला जेवत. सकाळी केलेल्या भाजीला ते शिळी म्हणत. म्हणजे मी घरात नसताना माझी भाजी शिजत राहायला हवी होती. मला फार विचार करावा लागला नाही. कॉलेजात गृहशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की कडधान्य जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर चार-चार तास सोडून द्यावं, ते आपलं आपण शिजतं. आमच्या चुलीला मागे वैल होतं. पुढच्या जाळाची ऊब मागच्या त्या दुसऱ्या तोंडाला लागते, भांडं तिथे हळूहळू रटरटत राहतं. त्यात गोवऱ्यांचा विस्तव सारून दिला की झालं. मी वहीत माप लिहिलं, वेळ लिहिली. रात्री बरबटी भिजत घातली. तुम्ही जिला चवळी म्हणता ती. सकाळी आठलाच मडक्यात बरबटी, कांदा, तिखट, चिंच, गूळ, मीठ, पाणी सगळं एकदम घातलं, झाकण ठेवलं, आत्याबाईंच्या देखत मडकं वैलावर चढवलं आणि दहाला मी शाळेत गेले. त्या दिवशी मी मुलींना वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. घड्याळ मात्र किती वेळा पाहिलं ते आठवतं.

संध्याकाळी घरी आले तर मामंजी ओसरीवर होते. ते म्हणाले, "सूनबाई, बरबटी झकास झाली." मी फुलून आत गेले. जिजी भांडी लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की हातातली परात खाली ठेवली.

"काऊन वं, कालेजात दगड शिजवाले शिकवते का?"

अकरा वाजता त्यांनी झाकण काढून पाहिलं होतं. बरबटी जशी घातली तशीच, दाताखाली खडा. चिंचेच्या पाण्यात दाणा अडून बसतो हे माझ्या पुस्तकात नव्हतं. आणि आमच्या घरच्या विहिरीचं पाणी जड, त्यात डाळसुद्धा फुटत नाही, हेही नव्हतं. त्या भागातल्या प्रत्येक घरात डाळीच्या पाण्याची घागर वेगळी असे, गोड्या विहिरीवरून भरून आणलेली. ती चुलीच्या डाव्या हाताला होती, आणि मी ती प्यायच्या पाण्याची समजून तिला हात लावला नव्हता! जिजींनी माझं आंबट पाणी ओतून दिलं, दाणे धुतले, गोडं पाणी घालून मडकं पुढच्या जाळावर घेतलं, आणि दाणा मऊ झाल्यावर चिंच-गूळ पुन्हा घातला. आत्याबाई तेवढा वेळ मळ्यात होत्या. जेवताना त्यांनी विचारलं, "कोनं केली?" जिजी म्हणाल्या, "धाकटीनं. सकाळी तुमच्यासमोरच तं चढवली."

"उद्यापासून तू नुसतं मडकं चढव अन् जाय," जिजी मला म्हणाल्या. "बाकी मी पाह्यतो."

मी म्हटलं, "जिजी, दोन दिवसांत मी शिकून घेईन."

"हाव, घे ना. कोन नाही म्हन्ते?"

मी शिकले नाही, मुलांनो. हे आज लिहायला बसले ते याचसाठी. शाळा, वह्या तपासणं, मग तुमचे बाबा पोटात, मग तुमची आत्या. प्रत्येक वेळी वाटे, या सुट्टीत शिकू. आठवड्याचे सहाही दिवस मी मडकं चढवून जात असे. कधी बरबटी, कधी मठ, म्हणजे मटकी, कधी वाल. माझ्या मागे जिजी भाकऱ्या थापता थापता विस्तव मागेपुढे करत, खोलगट झाकणावर ओतलेलं पाणी तापलं की पळीनं आत सोडत, दाणा बोटानं दाबून पाहत. रविवारी मी घरी असे आणि स्वतः शिजवत असे, तेव्हा आत्याबाई म्हणत, "आज तुहं भाजीत मन लागलं नाही, बाई." जिजी मान खाली घालून भाकरी मोडत असत.

हे इथवर हसण्यासारखं होतं. पण घरात दोन सुना असल्या की एकीची स्तुती दुसरीच्या डोक्यावर पाय ठेवूनच उभी राहते. एका रविवारी शेजारची बाई आली होती. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते. आत्याबाई तिला सांगत होत्या, "धाकटी पाहा, शाळा करून भाजी करते. थोरलीले दिवसभर काय काम हाय? सकाळपासून चुलीपाशी बसून शेकत राह्यते." जिजी तिथेच होत्या, धान्य निवडत. मी लाल पेन्सिल हातात धरून बसून राहिले. उठून बाहेर जायला चार पावलं लागली असती. मी गेले नाही. नोकरी अजून कायम झाली नव्हती... असं मी मनाला सांगितलं. संध्याकाळी जिजींजवळ गेले तर त्याच म्हणाल्या, "रडू नोको. मले काय लागते? तुही शाळा चालू हाय ना?"

नोकरी कायम झाली. मग मी म्हटलं, आत्याबाईंचा शाळेवरचा राग जरा निवू दे. मग यांची बदली बुलढाण्याला झाली आणि मला तिथल्या शाळेत घेतलं. आत्याबाई वारल्या त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. थोरली आळशी आणि धाकटी कर्तबगार हेच मनात धरून त्या गेल्या. शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं जिजींनीच केलं, तरीही. मला निवृत्त होऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. बुलढाण्याच्या घरी मी कुकरच्या शिट्ट्यांवर बरबटी करू लागले, जिजींच्या चवीच्या आसपासची. तुम्ही सुट्टीत येऊन ती पोळीशी, पावाशी खाल्लीत आणि 'आजीच्या बीन्स' असं नावही ठेवलंत. तेव्हाही मी तुम्हाला काही सांगितलं नाही. मी व्यवस्थित बाई म्हणून ओळखली जाते. प्रत्येक कागद जागेवर असतो. ही एक गोष्ट मात्र मी साठ वर्षं चुकीच्या कप्प्यात ठेवली.

जिजींच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याला, पिंपळगावला गेले. पुतण्या प्रकाश, जिजींचा मुलगा, दाराशी आला आणि म्हणाला, "काकू, बरबटी तुमच्याच हातची पाहिजे. जिजी नेहमी म्हने, बरबटी करावं तं धाकटीनं." ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. मडकं, चिंच, पाणी, आत्याबाई, मी गप्प बसले तो रविवार. काहीही गाळलं नाही.  मग प्रकाशचे मामा म्हणाले, "वहिनी, याले म्हन्तात मोठेपन. गेलेल्या मानसाले मान देनं कोनी तुमच्यापासून शिकावं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीनं डोळे पुसले. प्रकाशनं मला हात धरून खुर्चीवर बसवलं. जिजींनी इतकी वर्षं इतकं पक्कं सांगून ठेवलं होतं, की माझ्या खरं बोलण्याला त्या घरात जागाच उरली नव्हती.

आता काय करायचं? परसात जिजींची चूल अजून होती. प्रकाशच्या बायकोनं, वंदनानं, ती पेटवून दिली आणि मोठं पातेलं वैलावर चढवलं. मी पाटावर बसले. माझे गुडघे, माझी पाठ, त्यातून धूर... अर्ध्या तासानं डोळा लागला असावा. जागी झाले तर पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. मी घाईनं बाजूचा गार पाण्याचा तांब्या उचलला. वंदनानं मागून माझं मनगट धरलं. झाकणावरचं कढत पाणी पळीनं घेऊन कडेकडेनं आत सोडलं, एक दाणा काढून दोन बोटांत दाबला आणि चिंचेची वाटी माझ्या हाताजवळून उचलून लांब ठेवली.

मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

ती विस्तव सारत राहिली. "जिजीनं," ती म्हणाली. "दोन वर्षांखाली."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग मघाशी मी सांगत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"कशी बोलू, काकू? शपथ घातली त्याइनं मले." तिनं परसाच्या दाराकडे पाहून घेतलं. शेवटच्या दोन वर्षांत जिजींना माणसं ओळखू येत नव्हती, प्रकाशलासुद्धा त्या 'हा कोन आला' म्हणत, हे मला माहीत होतं. वंदना आवाज खाली करून म्हणाली, "एक दिवस मी इथंच बरबटी शिजवत होतो. मले जवळ बसवलं, सगळं करून दाखवलं. सांगतलं का रोज हेच करत होत्या, तुमच्या नावावर. मंग माहा हात घट्ट धरला अन् म्हने, पोरी, कोनाले सांगजो नोको. आत्याबाईले समजलं तं तिची शाळा जाईन."