देवरावभाऊंचा बाप्तिस्मा

माजरीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. उपासना संपून चहा उकळेपर्यंत दोन तरी तयार होतात! त्यातले निम्मे देवरावभाऊंचे.

भाऊ खाणीत डंपर चालवायचे. बायको सुशीलाबाईंबरोबर दर रविवारी हजर, पण बाईंसारखा बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि त्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही. त्यामुळे मी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवत आणलं की ते हात जोडून पुढे पाठवायचे. पलीकडून, बायकांच्या बाजूने, बाई बघत असायच्या.

"एकदा दोघांनी संगं ही भाकर घ्यावी, एवढंच मागणं आहे माझं देवापाशी," असं म्हणायच्या.

*

पास्टरांनी विचारलं, "भाऊ, काऊन थांबून राह्यले?"

"नोकरी आहे तोवर नाई जमत, साहेब. शिव्या दिल्याशिवाय डंपर चढ चढत नाई!"

पुढे भाऊ रिटायर झाले. डंपर गेला, शिव्या राहिल्या! मग 'आधी पोरीचं लग्न' सुरू झालं. तेही झालं.

*

एकदा प्रवचन होतं येशूशेजारी क्रुसावर मरता मरता स्वर्ग मिळालेल्या चोराचं. भाऊ खूश! "पाहा, शेवटच्या घटकेले बी जागा भेटते. मंग मले काय घाई?"

पास्टर म्हणाले, "त्याले माहीत होतं, शेवटची घटका आली म्हणून. तुम्हाले माहीत आहे का?"

त्या दिवशी भाऊ चहा न घेताच गेले.

*

एका उन्हाळ्यात मात्र तयार झाले. आमच्यात बाप्तिस्मा पूर्ण पाण्यात बुडवून देतात. सगळे वर्धा नदीवर गेलो, तर पाणी गुडघ्याएवढं!

"आडवे व्हा, होऊन जाते," पास्टर म्हणाले.

"नाई! अर्धा कोरडा राह्यलो तं सुशीला जन्मभर ऐकवन!"

आम्ही पोट धरून हसलो. बाईही हसल्या. फटफटीवर बसताना त्यांनी पदराने डोळे पुसले.

*

पुढे बाईंना विसर पडू लागला. आधी भाजीतलं मीठ, मग गल्ली, मग माणसं. भाऊ हात धरून आणायचे, आपल्याजवळ बसवायचे. आता शेजारी बसूनही भाऊ ताट पुढेच पाठवायचे; ते घेऊन त्या बाकापर्यंत जाणं मला नकोसं व्हायचं.

*

गेल्या दिवाळीनंतर भाऊ स्वतःच म्हणाले, "न्या मले नदीवर."

पाणी कमरेएवढं होतं. बाईंना काठावर खुर्ची टाकून बसवलं. भाऊ पूर्ण बुडाले, कुडकुडत वर आले आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं, हात जोडले.

"बरं केलं भाऊ तुम्ही. आमच्या घरच्यायले बी समजावून सांगा ना. तुमचं ऐकतील ते."

भाऊंच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"सांगतो, बाई," ते म्हणाले.