मास्तरणीचा खोकला

लोखंडी कपाटांच्या कारखान्यात त्याला सगळे नाकमास्तर म्हणत, आणि त्या दीडशहाण्याला त्याचा केवढा अभिमान! रंग मारण्याआधी पत्र्यांवरचं तेल निघावं म्हणून ते एका मोठ्या टाकीत बुडवत. टाकीत कढत पाणी आणि तेल काढायचं औषध. हे पाणी थकलं की त्याला आंबूस वास सुटतो. मास्तर टाकीवर वाकायचा, डोळे मिटून लांब श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा, "चालेल," नाहीतर "उपसा." मालकसुद्धा हात बांधून ऐकत. ब्रह्मवाक्यच ते!

आता खरं ऐका. त्या नाकाला वास येणं केव्हाच बंद झालं होतं. तरुणपणी थिनरच्या डब्यात तोंड खुपसून "आपल्याला काही होत नाही" म्हणत मिरवला, त्याचं हे फळ. घरात दूध करपून काळं होई आणि हे महाशय शेजारी बसून पेपर वाचत. बायकोला ते कळून चुकलं होतं. तीही तिथेच, टाकीशेजारी पत्रे पुसायला होती. नवऱ्याची मानाची जागा गेली तर चारचौघांत मान खाली जाईल, या धास्तीने तिने युक्ती काढली. पाणी आंबलं की ती खोकायची, आणि मास्तर "उपसा" म्हणायचा. यावर दोघं कधी अवाक्षरही बोलली नाहीत. आभार तर राहू द्या, घरी आला की "भाजीला चवच नाही" म्हणून हा तिच्यावर खेकसायचा.

खोटं फार दिवस मिरवलं की मिरवणाऱ्यालाच ते खरं वाटू लागतं. एकदा मालक बड्या गिऱ्हाइकाला घेऊन टाकीपाशी आले. मास्तर वाकला, बाई खोकली.

"यांना काय झालंय?" गिऱ्हाइकाने विचारलं.

मास्तरला लाज वाटली, आणि कोणाची? बायकोची! "नाजूक आहे हो तब्येत," तो मालकांना म्हणाला. "हिला दुसरीकडे हलवा. माझं काही अडत नाही."

अडत नाही म्हणे! बाईने फडकं टाकीच्या काठावर ठेवलं आणि पॅकिंगला गेली. तिथे खिडकी होती, गप्पा मारायला बायका होत्या. घसा होरपळल्याशिवायही काम होतं, हे तिला तिथे समजलं.

इकडे मास्तर रोज हुंगून "चालेल" म्हणत राहिला. टाकी कुजली. बाकीचे नाक मुरडत, पण नाकमास्तरांपुढे तोंड उघडणार कोण? त्या बड्या गिऱ्हाइकाची कपाटं रंगून झकास दिसली. पॅकिंगला आली तेव्हा एका दाराला बाईचं नख लागलं आणि रंगाचं सालच्या सालच तिच्या हातात आलं. सगळा माल तसाच निघाला.

मालकांनी दोन बादल्या मागवल्या, एक ताज्या पाण्याची, एक टाकीतली. आता मास्तरांनी सगळ्यांसमोर हुंगून सांगायचं, कोणती कुठली.

मास्तर घाईघाईने पॅकिंगला आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ झाला होता.

"अगं, जरा तिकडे येऊन उभी राहा ना."

"कशाला?"

"नुसतं... खोक."

बाईने खोक्यावर चिकटपट्टी लावली, हाताने दाबली.

"खोकला बरा झाला हो माझा," ती म्हणाली. "इथली हवा मानवली."

मागून मालकांची हाक आली, "मास्तर, बादल्या तयार आहेत."