शीर तुंबली आणि बाप सुधारला

माझा बाप सुधारला तो म्हातारपणी, एका सकाळी पोहे खाताखाता. त्याला कोणी उपदेश केला नव्हता की कसला पश्चात्ताप झाला नव्हता. हातातून चमचा गळाला, तोंड जरासं वाकडं झालं, आणि आईकडे बघून तो म्हणाला, "पोहे बरे झाले." आई सांगते, तिला तिथेच कळलं की काहीतरी भयंकर झालंय. लग्न झाल्यापासून त्या माणसाने तिच्या हातच्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं.

बाप सरकारी बसचा ड्रायव्हर. नोकरीची बरीच वर्षं अकोला-धारणी गाडीवर गेली. मेळघाटातला रस्ता वळणांचा आणि खड्ड्यांचा. समोरून जीप आली आणि तिने बाजू दिली नाही, की बाप गाडी थांबवायचा, हँडब्रेक ओढायचा, खाली उतरायचा आणि जीपवाल्याला कॉलर धरून बाहेर काढायचा. प्रवासी खिडक्यांतून बघत बसायचे. काम आटोपलं की परत वर चढून कंडक्टरला म्हणायचा, "मार घंटी." एवढं करूनही गाडी धारणीला वेळेवर पोचायची, याचा त्याला फार अभिमान.

घरात कॉलर धरायची गरज नव्हती, आम्ही हाताशीच असायचो. मला थपडा मिळायच्या. आईला थपडा मिळायच्या आणि वर ताट. भाजीत मीठ कमी झालं की ताट भिंतीवर. स्वयंपाकघराच्या त्या भिंतीला आम्ही दर दिवाळीआधी पिवळाच रंग द्यायचो, वरणाचे डाग त्यात खपून जात म्हणून.

रविवारी मात्र हाच माणूस पांढराशुभ्र सदरा घालून विहारात पहिल्या ओळीत बसे. पंचशील घेताना सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचा. पहिलं शील जिवाला इजा न करण्याचं. विहाराच्या फाटकात कोणी स्कूटर आडवी लावलेली असली, तर ते फाटकापर्यंतच टिकायचं.

मी मोठी होऊन जीवशास्त्र शिकले आणि अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. बापाचा राग समजून घ्यायचा होता वगैरे काही नाही. मार्क तेवढेच पडले होते.

तर पोह्यांच्या त्या सकाळी आईने त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी अमरावतीहून अकोल्याला पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टर त्याच्या मेंदूचा फोटो उजेडावर धरून आईला समजावत होता. "नाली तुंबते ना काकू, तशी डोक्यातली एक बारीक शीर तुंबली. पुढच्या बाजूची. हातपाय शाबूत राहतील. स्वभावात फरक पडू शकतो."

"म्हणजे हा आणखी तापट होईन?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही. कोणी चिडके होतात, कोणी हळवे."

आईने माझ्याकडे पाहिलं. आणखी चिडायला त्याच्यात जागा कुठे उरलीय, हा प्रश्न आम्हा दोघींच्याही तोंडावर होता. पण डॉक्टर लहान होता, त्याला कशाला घाबरवा.

बाप अकोल्यातल्या जठारपेठेच्या घरी परत आला. मी अमरावतीला. काही दिवसांनी आईचा फोन आला.

"तुहा बाप ठीक नाही वो."

"काय झालं?"

"चाय करून राह्यला."

"मग?"

"माह्यासाठी करून राह्यला."

मी रजा टाकून निघाले.

दार त्यानेच उघडलं. "आली का माय? उन्हाची आली. बस, पाणी देतो," म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून फिरवायला त्याने हात उचलला. हात वर आला तशी माझी मान आपोआप खाली गेली. माझ्या पाठीच्या कण्याला अजून बातमी पोचली नव्हती.

पुढचे काही दिवस मी त्याच्याकडे, वर्गात भिंगाखालचा किडा बघतात तशी बघत होते. तो झाडांना पाणी घाली. जाहिरात बघून रडे. आईची पिशवी उचलायला धावे. शेजारी फुलवाल्यांचं घर होतं. त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा गावाबाहेर, दुकान बाजारात. मधल्या नालीवरून त्यांचं आणि आमचं हाडवैर होतं. एकदा प्रकरण फावड्यापर्यंत गेलं होतं. आता बापाने तेच फावडं घेतलं आणि आख्खी नाली एकट्याने उपसली, त्यांच्या बाजूचीसुद्धा. मग हातपाय धुऊन शेजाऱ्याला मिठी मारायला निघाला.

शेजाऱ्याने बापाला फाटकातून आत येताना पाहिलं आणि घरात शिरून कडी लावली. खिडकीतून म्हणाला, "भाऊ, काय असन ते तिथूनच बोला."

"काई नाही गा. तुले लय तरास देला म्या."

मग शेजारीणबाईंनी भिंतीवरून आईला हाक मारली, "वहिनी, भाऊले आत न्या ना. आमाले भेव लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मधल्या भिंतीवर झेंडूची एक जुडी ठेवलेली होती. ठेवणारा दिसला नाही. दया आली होती की खंडणी होती, कोण जाणे.

आईने मला विचारलं, "तू मेंदू शिकवतेस ना? मंग सांग, हे काय हाय?" मी सांगू लागले की मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग असतो, भीती आणि राग तिथून उसळतात, आणि कपाळामागचा भाग त्याला ब्रेक लावतो. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हिशेब जुळत नाही. बिघाड कपाळामागेच होता. ब्रेक गेला, तर गाडी सुसाट सुटायला हवी. आमची गाडी तर थांबून लोकांना बाजू देत होती. वर्गात असं अडलं की मी पुढचा मुद्दा घेऊन मोकळी होते. आईसमोर मी सरळ सांगितलं, "मला माहीत नाही."

"पगार कायचा घेतेस मंग?" आई म्हणाली.

पण आईची गंमत तेवढ्यापुरतीच होती. मला वाटलं होतं, ती सुखावेल. ती धुमसत होती. एका दुपारी तिने मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठ टाकलं नाही. बापाने खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकलं. त्याने मधेमधे पाणी पिऊन तीही संपवली, आणि बोटं चाटत म्हणाला, "तुह्या हाताले चव हाय."

आईने त्याच्या कानाखाली वाजवली.

मी समोर बसले होते. त्या घरात मी पुष्कळ थपडा पाहिल्या, पण उलट्या दिशेने जाणारी ती पहिली. बापाने गालाला हातसुद्धा लावला नाही. आईचा पंजा धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "लागलं का तुले?"

आई ओरडली. इतकी की शेजारचं दार पुन्हा लागल्याचा आवाज आला. "आता सुचते तुले? शीर तुंबावी लागली? हे आत होतंच ना तुह्या? मंग इतकी वर्षं बाहेर काहून नाही आलं?"

बाप खरंच विचार करू लागला. हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते आठवताना करतात तसा चेहरा. "मले याद हाय सारं," तो म्हणाला. "कोणाले किती मारलं, तेबी. पण तो राग कसा येत होता, ते नाही सापडून राह्यलं. शोधतो म्या."

"नको शोधू!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

तपासणीला आई स्वतः त्याच्यासोबत गेली, मलाही ओढून नेलं. डॉक्टरने रक्तदाब पाहिला, गोळ्या तशाच ठेवल्या. आई म्हणाली, "मले एक सांगा. पहिलेचा राग याचा होता का त्या शिरेचा?"

"शीर आत्ता तुंबली, काकू."

"म्हणजे राग याचाच."

"हो."

"अन् आताची माया?"

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. "तीही त्यांचीच म्हणावी लागेल. आपण बाहेरून काही टाकलेलं नाही."

बाप स्टुलावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता, शाळेत पालकांना बोलावल्यावर पोरगं बघतं तसा.

"मंग मी काही दिवस पोरीकडं राह्यते," आई म्हणाली. "याचा खायचा-प्यायचा कागद याच्याच हाती द्या."

आख्खा उन्हाळा ती अमरावतीला माझ्याकडे होती. कूलरसमोरची जागा तिने पहिल्याच दिवशी बळकावली. उशिरा उठायची. भाजीवाल्याशी भांडायची, टीव्हीवरच्या सासवांशी भांडायची, माझ्या नवऱ्याला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल झापायची. तो मला हळूच म्हणाला, "तुझी आई गरीब आहे असं तू लग्नाआधी सांगितलं होतंस." मलाही तसंच वाटलं होतं. तिच्या डोक्यात काही तुंबलं नव्हतं, उलट मोकळं झालं होतं.

बाप रोज फोन करायचा. आई स्पीकर लावून भाजी निवडता निवडता त्याला जुन्या एकेका गोष्टीवरून झोडायची. माहेरच्या लग्नात सगळ्यांसमोर काय केलं, लहानपणी मला ताप असताना काय केलं. तो ऐकायचा. "हो," म्हणायचा. "केलं व म्या ते." कधीकधी तिकडून नाक ओढल्याचा आवाज यायचा. तेव्हा आई आणखी एक गोष्ट काढायची.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास तिने फोनवरच अटी घातल्या. "पुढची खोली माझी. कूलर माझा. संध्याकाळचा स्वयंपाक तुमचा. मी कुठं जाऊन राह्यली ते विचारायचं नाही." प्रत्येक अटीला तिकडून "बरं" आलं. फोन ठेवून ती वैतागली. "नुस्तं हो हो. याच्याशी भांडायची मजाच गेली." आणि पिशवी भरायला लागली.

परवा मी अकोल्याला गेले होते. आई तिच्या खोलीत पाय पसरून बसली होती, बाप आत ज्वारीच्या भाकरी थापत होता. मी हळूच विचारलं, "माफ केलं का गं त्यांना?"

"कोणाले?" ती म्हणाली. "ज्यानं मारलं तो गेला. त्याच्यासाठी मी रडली नाही अन् रडणारबी नाही. हा नवा हाय. बरा हाय. पाहू अजून."

आतून करपल्याचा वास आला. मी उठू लागले तर आईने हात धरून खाली बसवलं आणि तिथूनच ओरडली, "आच कमी करा!"

"केली," बाप म्हणाला.