तिचा आवाज उघडेना

बायको गेली त्याला तीन आठवडे झाले होते आणि तिचा आवाज माझ्याकडं कुठंच नव्हता. फोटो होते. फोटो बोलत न्हाईत. मग ध्यानात आलं, दारावरच्या कॅमेऱ्याला माइक हाय. चपला चोरीला जायला लागल्यावर तिनंच हट्टानं बसवून घेतलेला.

कॅमेरेवाला म्हणाला, "काका, रेकॉर्डिंगच्या डब्यात महिनाभराचंच राहतं, पुढं त्यावरच नवीन चढतं. काकूंचा शेवटचा आठवडा तेवढा शिल्लक आहे." तो त्यानं पेनड्राइव्हमध्ये घालून दिला. दुसऱ्या कशात हे चालत नाही म्हणून बघायचा प्लेअरही त्यातच टाकला.

लेकीचा जुना लॅपटॉप घरात होता. प्लेअर चालू केला तर चौकट आली. हे कुणी बनवलंय माहीत नाही, तुमच्या सुरक्षेसाठी थांबवलंय. माझी सुरक्षा! ती दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात गेली, तेव्हा कुठं मेली होती ही सुरक्षा?

भोसरीला कारखान्यात मी जन्मभर पत्रा कापायच्या प्रेसवर काम केलं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे. हात आत राहू नये म्हणून ती सोय. आमी एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचो. एक हात मोकळा, माल झपाझप. अडवणाऱ्या गोष्टीचं काय करायचं, एवढंच मला शिकवलेलं.

लॅपटॉप काखेत मारून पिंपरी कॅम्पातल्या रिपेअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, सगळे पहारे बंद कर.

"रिस्क है चाचा."

"तुला विचारलं का? कर बंद."

केलं त्यानं. तरी चालेना. आता तर प्लेअरच दिसेना. अँटीव्हायरसनं तो आधीच उचलून कोंडून ठेवला होता म्हणे. पहारेकरी हाकलला, पण कोंडलेलं कोंडलेलंच. दुकानदार म्हणाला, "पुराना है, नया ले लो." त्याला नको ते बोललो. सगळं दुकान बघत होतं. बघू दे.

रविवारी मारुंजीहून जावई आले. ते आयटीत आहेत.

"मामा, चार दिवस हा असाच उघडा? नेट चालू ठेवून?"

"मग काय करू? तुमचं यंत्र मला माझी बायको दावंना!"

"अहो, हे म्हणजे तुमच्या त्या प्रेसला पाचर मारण्यासारखं झालं."

"पाचर मारली म्हणून तर माल निघायचा, पाव्हणं."

ते माझ्या डाव्या हाताकडं बघायला लागले. त्याला दोन बोटं कमी आहेत. मी हात मांडीखाली घेतला. राग आला तो त्यांचा नव्हता.

जावयांनी आधी सगळे पहारे परत चालू केले, लॅपटॉप तपासला. मग कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून नवा प्लेअर घेतला. "ह्याच्यावर कंपनीची सही असते मामा, म्हणून अडवत नाही." खरंच अडवला नाही. लॅपटॉपनं एकदा विचारलं, जावयांनी हो म्हटलं, झालं. एवढ्यासाठी मी चार दिवस भिंतीवर डोकं आपटत होतो.

आणि ती दिसली. दारात, पदर खोचलेला, शेजारणीशी बोलत.

"जिना चढले की दम लागतो गं. डावा हात भरून येतोय दोन दिवस."

"मग भाऊजींना सांगा की वहिनी."

"यांना नको बोलूस हां. घर डोक्यावर घेतील. दवाखान्यात जाऊन डॉक्टरशीच भांडतील."

तेवढ्यात आतून आवाज आला. माझा.

"चहा झाला का न्हाई अजून?"

"आले ओ!"

जावयांनी बंद करायला हात पुढं केला. "ऱ्हाऊ द्या," म्हटलं, "परत लावा." परत लावलं. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा 'आले ओ' झाल्यावर मी त्या पडद्यावरच ओरडलो. "अगं ए, मला सांगायचं ना! भांडलो असतो डॉक्टरशी! भांडायलाच पायजे होतं!" जावयांनी पाठीवर हात ठेवला तो झटकला.

शेजारीण तेरा दिवस डबा घेऊन येत होती. ह्यातलं एक अक्षर बोलली नाही. आत्ता ती खाली भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, वरपर्यंत ऐकू येत होतं. मी उठून खिडकी लावून घेतली आणि जावयांना म्हटलं, आवाज वाढवा.