दोन मानांची गिटार

मूकपटाच्या तंबूत पडद्याशेजारी बसून मी एक अजब गिटार वाजवायचो. तिला दोन माना होत्या. एकीवर नेहमीच्या सहा तारा, तर दुसरी हरणाच्या शिंगासारखी बाकदार आणि तिच्यावर खर्जाच्या पाच जाड तारा. त्यांच्या ओढीनं एके दिवशी ती बाकदार मान बुडातून उखडली.

सोलापुरात गिटार दुरुस्त करणारा कुठून मिळणार? भवानी पेठेत हातमाग दुरुस्त करणारा एक सुतार होता, त्याच्याकडं नेली.

"आतून जाड फळी ठोका," मी म्हणालो.

"ठोकतो की. मग वाजवू नका, तिच्यावर बसा."

सरस लावून त्यानं ती चार दिवस आवळून ठेवली. मग मला समोर बसवून, लाकडाला गाल लावून, डोळे मिटून तो खर्जाची एकेक तार चढवू लागला. चौथ्या तारेला लाकूड कर्रकन वाजलं.

"सोडा! तार सोडा!" मी ओरडलो.

त्यानं गाल हलवला नाही.

"वरडू द्या की, मास्तर. ताणा चढवला की मागबी असाच कुरकुरतो. कुरकुरतंय तवर लाकूड वजन पेलतंय. गप झालं, की मोडायला आलं म्हणायचं, आपला हात काढून घ्यायचा."

पाचवी तार चढली. लाकूड कण्हलं, पण मान टिकली.

पुढं बोलपट आले आणि माझं काम गेलं. गिटार खुंटीवर आहे, तारा चढवलेल्याच. कधी धूळ पुसायला हात लावतो, कान देऊन ऐकतो. लाकूड गप असतं. पटकन हात काढून घेतो.