काशीदादांचं ‘पटलं नाय’

काशीदादा गेल्याचं मला त्यांच्या मुलीकडून कळलं, तेही ती पुस्तक परत करायला आली तेव्हा. महाडच्या एका छोट्या ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. तिने कापडी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “बाबा गेले, ताई. तीन आठवडे झाले. वाचनालयाचं पुस्तक घरात ठेवायचं नाय, असं बजावून गेलेत.” मला रडू आलं नाही. आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. कारण ते पुस्तक दादांच्या नावावर नव्हतंच, माझ्या नावावर होतं. दादांचं सभासदत्व आम्ही दोन वर्षांपूर्वीच रद्द केलं होतं. हो, आम्ही... त्यात मीही आले.

दादा पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतून एसटीने यायचे. शिक्षण सातवी. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर वाचायला बसले. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ‘वाचकांचा अभिप्राय’ असा कोरा कागद चिकटवायची पद्धत आहे. त्यावर शिक्षक, कारकून, वकील, झाडून सगळे एकच शब्द लिहितात, ‘छान’. पुस्तक उघडलेलं नसलं तरी छान! दादा मात्र पेन्सिलीने, पानाचा आकडा घालून लिहायचे. यंत्रमानवांच्या एका कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘पान ४०. यंत्रमानव तिन्ही पाळ्या करतो. त्याला तेलपाणी करणारा माणूस गोष्टीत कुठं हाय? पटलं नाय.’ चंद्रावरच्या वस्तीची एक गोष्ट होती, तिच्यावर लिहिलं, ‘एवढे कारखाने नि वास कसलाच नाय? लेखक आमच्याकडं आलेला दिसत नाय.’ वाफेवरच्या एका विज्ञानाच्या पुस्तकात तर आकृतीतली झडप उलट्या बाजूला आहे म्हणून लिहून ठेवलं. मी ते कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, बरोबर आहे हो त्यांचं.

एकदा मी न राहवून विचारलं, “दादा, पटलं नाही तर तेच पुस्तक पुन्हा पुन्हा कशाला नेता?”

“अगो बाय, पटलं असतं तर कशाला नेलं असतं?” ते हसले. मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस दाबाचा आकडा वहीत लिहून जायचा. येणाऱ्याला तो खटकला तर त्याने समोर ‘पटलं नाय’ लिहायचं आणि स्वतः जाऊन काटा पुन्हा बघायचा. “ती शिवी नाय गो. मी परत बघतो, एवढाच अर्थ.” वहीच्या पानाखाली दोन कार्बन असायचे, म्हणून दाबून लिहायची सवय हाताला लागली ती लागलीच.

एका धर्मग्रंथाचं मराठी भाषांतर त्यांनी चार वेळा नेलं आणि चारही वेळा ‘पटलं नाय’ लिहिलं. त्या ग्रंथाला इतका मान आमच्या सभासदांपैकी दुसऱ्या कुणी दिलेला नाही. पण एकाने तक्रार केली की ग्रंथाचा अपमान झाला. कार्यकारिणी बसली. एक जण म्हणाले, “असल्या लोकांच्या हातात हे ग्रंथ द्यावेतच कशाला?” असल्या म्हणजे कसल्या, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. दादांनी त्यांच्या विहारातल्या पुस्तकांवरही हेच लिहिलं होतं. तिथे लोक त्यांच्याशी तासभर भांडले आणि मग चहा पाजून घरी पाठवलं. आम्ही कार्ड काढून घेतलं. चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर बसून आम्ही हे केलं. मार्चमध्ये तळ्यावर माणसं लोटतात, तेव्हा हेच लोक दारात पाण्याचे माठ मांडून फोटो काढून घेतात.

त्या बैठकीत इतिवृत्त मी लिहीत होते. ‘पटलं नाय’चा अर्थ त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होता. एक वाक्य बोलायचं होतं, पण नोकरीच्या भीतीने मी मान खाली घालून लिहीत राहिले. वर मला सांगण्यात आलं, ग्रंथातले त्यांचे अभिप्राय खोडून टाका. मी खोडलं. खोडरबराचा भुगा फुंकून टाकला. पुढे माझ्या कार्डावर दादांना पुस्तकं देत राहिले आणि त्यालाच मोठं धाडस समजत राहिले. तो ग्रंथही त्यांनी पुन्हा मागून नेला. म्हणजे खोडलेला कागद त्यांनी पाहिला असणारच. मला एका शब्दाने बोलले नाहीत... बोलले असते तर बरं झालं असतं.

मुलीने परत आणलेला तो हाच ग्रंथ. ती गेल्यावर मी त्यातला अभिप्रायाचा कागद खिडकीशी तिरका धरला. शिसं गेलं होतं, पण अक्षरं कागदात रुतलेली तशीच होती. चारच्या चार अभिप्राय. त्यांच्याखाली पाचवा अभिप्राय, ताजा, ‘पटलं नाय. अजून एकदा न्यायचं हाय.’

परवा कार्यकारिणीने शोकप्रस्ताव केला. ‘व्यासंगी वाचक. संस्थेशी अखेरपर्यंत जिव्हाळ्याचा संबंध.’ मजकूर वाचून माझं डोकं फिरलं. अध्यक्ष म्हणाले, “छान झालाय. मॅडम, सही करा.”

मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि सहीच्या जागी लिहिलं, पटलं नाय. पेन्सिलीने नाही, पेनाने.

“हे काय?” अध्यक्ष म्हणाले.

“परत बघा, एवढाच अर्थ आहे,” मी म्हणाले. दोन वर्षं उशीर झाला होता आणि ज्याच्यासाठी बोलायचं तो ऐकायला नव्हता.

 वही माझ्याच टेबलावर आहे. पेन इतकं दाबलं गेलं की खालच्या कोऱ्या पानावरही ते दोन शब्द उठले आहेत. पुढच्या बैठकीचं इतिवृत्त मला त्याच पानावर लिहायचं आहे.